मशीनने हलवलेला अंगठा

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तीस वर्षांचा संसार, पण एवढी एक गोष्ट मी तिच्यापासून नीट सांभाळून ठेवली. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. पण सांगतो.

नव्वदच्या दशकात बारामतीत माझं फिजिओथेरपीचं छोटं सेंटर होतं. लोक त्याला ‘करंटचा दवाखाना’ म्हणायचे आणि मला डॉक्टर. मी डॉक्टर नव्हतो—पण कुणाला कधी तसं सांगितलंही नाही. ऐकायला गोड वाटायचं.

मंगल इंदापूरजवळच्या बावडा गावची. घरी शिवणकाम करायची. लग्नसराईत तिच्याकडे ब्लाउजांचा ढीग पडायचा. खिडकीची काच फुटून तिच्या उजव्या मनगटात घुसली. बारामतीतल्याच एका सर्जननी टाके घातले आणि अंगठा हलत नाही म्हणून तिला माझ्याकडे धाडलं. माझ्याकडचे निम्मे पेशंट त्यांनीच पाठवलेले असायचे—हे लक्षात ठेवा. नाही, नका ठेवू. ती सबब होईल.

तिसऱ्या आठवड्यात मी मशीन लावून तपासलं. नस शाबूत असली तर झरझर जाणाऱ्या करंटने स्नायू उडतो. तिचा उडाला नाही. मग दुसरा, संथ करंट लावला—अंगठा हळूच, आळसावल्यासारखा उचलला गेला. याचा अर्थ मला पाठ होता. नस आतून तुटलेली असणार. अंगठा मशीन हलवत होतं, मंगल नव्हे. करंटने स्नायू काही काळ तग धरतो, जोडलेल्या नसेला वाढताना थोडा हातभारही लागत असेल. पण तुटलेली टोकं करंटने जुळत नाहीत. ती ऑपरेशन करूनच शिवावी लागतात, तीही वेळेत. तिला लगेच पुण्याला पाठवायला हवं होतं. पण ते सांगायचं म्हणजे आतली नस न बघताच टाके घातले, ही सर्जनची चूक चारचौघांत सांगायची!

मी तोंड उघडणार होतो—खरंच? की आता तसं वाटतंय?—तेवढ्यात सोबत आलेली तिची सासू ओरडली, “आगं मंगल, हालला! आंगठा हालला बघ!”

दुसऱ्या दिवशी दोघी पेढे घेऊन आल्या. सासूने पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. भरल्या तोंडाने काय बोलणार? पण गिळून झाल्यावर तर बोलता आलं असतं. मी फायलीवर ‘सुधारणा आहे’ असं लिहिलं.

पुढे सव्वा वर्ष त्या आठवड्यातून तीनदा इंदापूरला गाडी बदलून यायच्या. मी करंट द्यायचो, अंगठा उठायचा, सासू बाकीच्या पेशंटांना बोलावून दाखवायची. आणि मला—लाज वाटते सांगायला—ते आवडायचं. एकदा मंगलच्या तर्जनीवर मोठा फोड दिसला. इस्त्री लागली होती आणि तिला कळलंच नव्हतं. मी मलम लावलं. मलम! अंगठ्याच्या मुळाशी मांस वाळून खळगा पडत चालला होता, आणि हा शहाणा फोडाला मलम लावत होता.

शेवटी तिचा भाऊच तिला पुण्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, फार उशीर झाला, आता नस जोडूनही हातात ताकद येणार नाही.

ते सांगायला ती मुद्दाम माझ्याकडे आली. शिलाई मशीन जावेला देऊन टाकलं होतं. कात्री धरवत नव्हती, सुई बोटांना कळत नव्हती. पुण्यात तिला चांगलंच झापलं होतं म्हणे—इतके दिवस कुणाला दाखवत होतात?

“मी तुमचं नाव न्हाय घेतलं,” मंगल म्हणाली. “आमीच घरी बसून उशीर केला, आसं सांगितलं. तुमी येवढं केलं आमच्यासाठी. तुमाला कशाला बोल लावायचा?”

सासू शेजारीच उभी होती, मान हलवत. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आता तरी बोलायचं की नाही?

“बरं केलंत,” मी म्हणालो.