व्हिस्की पचायची, पोळी नाही

गव्हाचा एक घास पोटात गेला की आमचे थोरले साडू आठवडाभर आडवे व्हायचे, आणि गव्हाच्याच व्हिस्कीचे दोन पेग मारून मात्र ठणठणीत! माझं नेमकं उलटं. खायला मी दगडही पचवीन, पण अर्धा पेग घेतला की अंगभर गांधी उठतात, नाक चोंदतं. मी लिंबू-सोडा पीत त्यांच्याकडे बघत बसायचो. जळायचो, सरळ सांगतो.

"डॉक्टरला इचारूनच पिऊन राह्यलो, साडूभाऊ," ते हसत म्हणायचे. "भट्टीत वाफ तेवढी वर जाते, गव्हाचं जे बाधतं ते खालीच राहतं. बियर मात्र बिलकुल न्हाई, तिच्यात ते तसंच असतं."

आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, जुन्या जालन्यात भुसाराचं दुकान. गहू विकणाऱ्याचा जावई गहू खात नाही, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलेलं. पण लाड काय विचारता! आखाडात आम्हा दोघा जावयांना मटणाला बोलवायचे, तेव्हा सासूबाई चुलीपुढे बसून साडूंना एकेक गरम ज्वारीची भाकरी वाढायच्या. मला डब्यातली पोळी. "तुमचं काय बापू, तुम्ही काहीबी खाता," म्हणायच्या. देवा, एखादा रोग मलाही द्यायचास की!

एका आखाडात मामांनी डोकं चालवलं. "गव्हाची दारू बाधत न्हाई ना? मंग दारूवर गव्हाचा घास कसा बाधंल?" साडूंचा पेग संपल्याबरोबर त्यांनी पोळीचा घास रश्श्यात बुडवून स्वतःच्या हातानं पुढे धरला.

"मामा, त्या दोन गोष्टी येगळ्या हायेत," साडू म्हणाले. पण मामांचा हात काही खाली जाईना. शेवटी साडूंनी तोंड उघडलं.

पुढे कितीतरी दिवस ते दवाखान्यात, सलाईनवर. मामा दुकान बंद ठेवून उशाशी. "माझ्याच हातानं झालं," म्हणून डोळे पुसायचे आणि साडू उलट त्यांचीच समजूत घालायचे, "घास गोड व्हता, मामा." मला तिथंही हेवाच वाटला. मला डेंग्यू झाला होता तेव्हा मामांनी फोनवर चौकशी केली होती, बस्स.

गेल्या वर्षी साडूंची नागपूरला बदली झाली. रजा मिळत नाही, येणं होत नाही. यंदाच्या आखाडात पाटावर मी एकटाच जावई. म्हटलं, चला, आता सगळा लाड आपलाच! ताटात भाकरी आली. मी पोळी मागितली, तर सासूबाई घुटमळल्या.

"घरात आता कणीक मळत न्हाई आम्ही," मामा म्हणाले. "परातीला, पोळपाटाला गहू लागाया नको. थोरले बापू एखांद्या दिवशी अचानक आले, तर?"

मी भाकरी मोडली. मी समोर बसलो होतो आणि मामा दाराकडे बघत होते.