तबेल्याच्या दारात दोघी

करुणाचा स्वभाव लहानपणापासूनच असा, की आपलं माणूस दुसऱ्याकडे बघून हसलं तरी तिला खपत नसे. सिहोऱ्याला माहेरी ती बापाचं ताट दुसऱ्या बहिणीला वाढू देत नसे. लग्न होऊन पवनीला हातमागाच्या साड्यांचा व्यापार करणाऱ्या घरात आली, मुलगी झाली, कामिनी, आणि त्या पोरीचं न्हाणं, जेवण, वेणी सगळं तिने एकटीने केलं. सासूबाई कौशल्याबाईंनी नातीला मांडीवर घेतलं तरी ही दाराआडून बघत राही.

नवऱ्याने, हेमराजने, कामिनीला साकोलीजवळच्या निवासी शाळेत घातलं ते करुणाला अजून पटलेलं नव्हतं. त्या शाळेत घोडेस्वारी शिकवत. दर जानेवारीत स्पर्धा होत, आणि तेवढ्यापुरती आईबापांना मैदानालगतच्या आमराईत तंबू ठोकून राहायची मुभा असे. यंदा कामिनी पहिल्यांदा उतरणार होती. हेमराजने नवाकोरा तंबू घेतला, कौशल्याबाई गोधड्यांचं गाठोडं घेऊन गाडीत पुढे बसल्या.

तंबू काही केल्या उभा राहीना. एक बाजू ताणली की दुसरी बसायची.

"हेमराज, हा तंबू हाय का मच्छरदानी रे?" कौशल्याबाई म्हणाल्या.

तेवढ्यात कामिनी धावत आली. करुणाने तिला छातीशी धरलं. पोरीच्या अंगाला घोड्याचा वास येत होता. करुणाने डबा उघडला. पहाटे उठून तळलेली, कोथिंबीर भरलेली सांबारवडी होती. कामिनीने दोन खाल्ल्या आणि डबाच उचलला.

"कुठं नेऊन राहिली वं?"

"तुळसामावशीले. तिले लय आवडते." मग तिळाचे दोन लाडू खिशात टाकत म्हणाली, "हे चांदणीले."

चांदणी म्हणजे तिची घोडी. आणि तुळसा म्हणजे तबेल्यात घोड्यांचं सगळं बघणारी बाई. करुणाने दोघींची नावं फोनवर इतकी ऐकली होती, की न बघताच तिला दोघी नकोशा झाल्या होत्या.

सकाळी ती तेल, फणी घेऊन बसली.

"आई, नको. तुझी वेणी वर येते, हेल्मेटखाली टोचते. मावशी घालून देते मले."

हेमराज चहा पीत होता. "जाऊ दे ना तिले," म्हणाला. करुणाने फणी पिशवीत टाकली आणि थोड्या वेळाने, सहज फिरायला निघाल्यासारखी, तबेल्याकडे गेली.

पालथ्या बादलीवर कामिनी बसली होती. मागे उभी राहून एक सावळी, उंच बाई तिची वेणी घालत होती आणि पोर बोलत होती. तिसऱ्या अडथळ्याची भीती वाटते, चांदणी तिथे बिचकते, काल झोपच लागली नाही. करुणा खांबाआड थबकली. तिला मात्र रोज फोनवर एकच उत्तर मिळे, "सगळं ठीक हाय, आई."  ती तशीच परत फिरली.

दुपारी कामिनीचा नंबर आला. चांदणीने पहिले दोन अडथळे झकास ओलांडले. तिसऱ्यापुढे ती पाय रोवून उभी राहिली. कामिनीने वळवून पुन्हा आणली, घोडी पुन्हा अडली. पंचांनी घंटा वाजवली. पोर बाद झाली.

"अरे बाप्पा!" कौशल्याबाईंनी कपाळाला हात लावला. हेमराजचा चेहरा पडला. आणि करुणाच्या मनात मात्र लख्खकन एक आनंद चमकून गेला. आता रडत येईल माझ्याकडेच. दुसऱ्याच क्षणी तिची तिलाच लाज वाटली, पण पाय केव्हाच धावत सुटले होते.

तबेल्याच्या दाराबाहेर कडब्याच्या पेंढीवर तुळसा बसली होती. दार आतून लावलेलं होतं.

"आत हाय," तुळसा म्हणाली. "घोडीच्या गळ्यात पडून रडून राहिली. मले बी येऊ देत नाही."

हिलाही नाही, हे ऐकून करुणाला बरं वाटलं. ती पेंढीच्या दुसऱ्या टोकाला टेकली. आतून पोरीचे हुंदके ऐकू येत होते.

"तुमाले तं सगळं सांगते ती," करुणा शेवटी म्हणाली. "मले काहून नाही सांगत?"

"तुमी घाबरान म्हणून." तुळसा पायाजवळची काडी मोडत राहिली. "ताई, खरं सांगू? तुमी येनार म्हटलं का आठ दिवस तुमचंच नाव घेते. आई येते, आई वड्या आनते. मंग माह्या अंगाची आग होते. तुमी कवा जाता असं होते मले."

 आपल्यावरही कुणी जळत असेल, हे करुणाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला गारगार वाटलं.

कडी वाजली. डोळे सुजलेली कामिनी दारात आली, दोघींकडे न बघताच म्हणाली, "भूक लागली."

दोघी एकदमच उठल्या. करुणाने आधी तिचा हात धरला.

"चला तुमीबी जेवाले," ती तुळसाला म्हणाली, आणि तंबूकडे वळली. आमराईत कौशल्याबाईंनी तीन विटांवर भात शिजवून ठेवला होता. करुणाने पहिलं ताट कामिनीला वाढलं, मग सासूबाईंना, मग हेमराजला. तुळसालाही पोटभर वाढलं, पण सगळ्यांत शेवटी.