अल्बमवर असंच हाय

आमच्या घरात त्या पॉप गायिकेचा एकच अल्बम होता आणि तो वडिलांशिवाय कुणी ऐकायचा नाही. वडील इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात बँडचे मास्तर. गायिका मुंबईची, केस आखूड, अंगात जाकीट. सीडीच्या कव्हरवर ती कंबरेवर हात ठेवून उभी आणि खाली लिहिलेलं, बारा सुपरहिट गाणी. वडिलांना तिचं कौतुक वगैरे काही नव्हतं. लग्नसराईत पोरं तिचीच गाणी मागायची आणि एका सीडीत सगळी मिळत होती म्हणून त्यांनी ती घेतली, एवढंच.

बँडचं शिकणं कसं चालायचं ते सांगायला हवं. वडील दुपारी दार लावून गाणं ऐकायचे, डोक्यात बसवायचे आणि संध्याकाळी अंगणात क्लॅरिनेटवर एकेक ओळ वाजवून बाकीच्यांना द्यायचे. बँडवाल्यांनी मूळ गाणं ऐकायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. प्रत्येकानं आपापलं ऐकलं की प्रत्येकाचं गाणं वेगळं होतं, असं त्यांचं म्हणणं. टपरीवर, एसटीत ती गाणी कानावर पडायचीच, पण अर्धीमुर्धी. वाद झालाच तर शेवटचा शब्द मास्तरांच्या अल्बमचा.

पहिल्या रांगेत ट्रंपेट घेऊन चाचा उभे असत. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणे. पोटापाण्यासाठी त्यांचं पत्र्याच्या ट्रंका बनवायचं दुकान होतं. आमच्या भागातून फौजेत भरती झालेली पोरं त्यांचीच काळी ट्रंक घेऊन निघायची. वडिलांना वाजवायला त्यांनीच शिकवलं होतं, पण मास्तरकी कधी स्वतःकडं घेतली नाही. "माणसं सांभाळायचं मला जमत न्हाई, फुंकायचं जमतं," म्हणायचे.

मी बारावीला होते तेव्हा त्यांचा दम कमी व्हायला लागला. दोन गल्ल्या वाजवून झाल्या की ते भिंतीला टेकायचे. बँडमध्ये ज्याचा दम सरतो त्याच्या हातात झांजा देतात आणि त्याला मागच्या रांगेत उभं करतात. कुणी वाईट बोलत नाही, नुसत्या झांजा देतात. एकदा आमच्या ओट्यावर बसून चाचांनी वडिलांना सरळ सांगितलं, "मास्तर, मला मागं उभं करायचं असंल तर आदी सांग. मी घरीच बसंन." वडील म्हणाले, "कोण करतंय तुमाला मागं?" आणि विषय बदलला.

ती सीडी त्याच हंगामात घरात आली. तिच्यातली गाणी आमचा बँड एका वेगळ्याच तऱ्हेनं संपवायचा. शेवटच्या कडव्यात ट्रंपेटला वरचा सूर लांबवर धरावा लागतो. ते कडवं यायच्या आधीच आमचं एकेक वाद्य बारीक होत गप्प व्हायचं. उरायची नुसती क्लॅरिनेट, आणि हळूहळू तीही विरून जायची. नाचणारी पोरं ओरडायची, "आरं, वाजवा की रं!" वडील शांतपणे सांगायचे, "अल्बमवर असंच हाय. कंपनीनं निवडक काढताना छाटलंय." लोकांचा अल्बमवर विश्वास बसला. पुढं पुढं तीच आमच्या बँडची खासियत झाली. कोरेगावकडची माणसंसुद्धा ते हळू बंद पडणारं गाणं मागायला लागली.

मग मी शिकायला सांगलीला गेले. तिथं बाजारात तीच सीडी दिसली, तेच कव्हर, तेच जाकीट. हॉस्टेलवर येऊन मी ती लावली. सगळी गाणी पूर्ण होती. शेवटचं कडवं होतं, ट्रंपेटचा लांब सूर होता, आणि त्यानंतर दणक्यात शेवट. मला आनंद झाला, आणि तो गाण्याचा नव्हता, वडिलांची चूक सापडल्याचा होता. त्या वयात मी फार शहाणी होते, आणि सांगलीच्या पाण्यानं त्यात भरच पडली होती.

भावाच्या लग्नाला आठ दिवस असताना घरी आले. अंगणात तालीम चालू होती आणि गाणं नेहमीच्या जागी विरत चाललं होतं. मी उंबऱ्यातूनच म्हणाले, "आण्णा, अल्बमवर असं न्हाईच. पुढं आख्खं कडवं हाय. मी ऐकलंय, हीच सीडी."

वडील क्लॅरिनेट पुसत राहिले. बाकीचे माझ्याकडं बघेनात. गाणं पुरतं ऐकलं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला आणि चाचांना.

चाचांनी वडिलांकडं बघितलं. "व्हय रं? माझ्यासाठी छाटलंस?"

वडिलांनी फडक्याची घडी घातली. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. चाचा मला म्हणाले, "आण तुझी सीडी." त्या दिवशी आमच्या अंगणात पहिल्यांदा सगळ्या बँडनं मूळ गाणं ऐकलं. चाचांनी ते उभ्यानं दोनदा ऐकलं आणि सायकलवरून घरी गेले.

घरच्या लग्नात मास्तर वाजवत नाही. नवरदेवाचा बाप म्हणून तो फेटा बांधून पाहुण्यांत चालतो आणि त्या दिवशी बँड पुढं न्यायचा मान सगळ्यात जुन्या माणसाचा. भाऊ घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला, ऊन चढलं होतं, पुढं चाचा. पहिली दोन गाणी त्यांनी आमच्या पद्धतीनं विरवली. देवळापाशी तिसरं गाणं आलं. नेहमीच्या जागी वाद्यं बारीक व्हायला लागली, तसा त्यांनी डावा हात वर केला आणि सगळ्यांना चालू ठेवलं.

त्यांनी शेवटचं कडवं घेतलं. मानेच्या शिरा वर आल्या, चेहरा काळानिळा झाला. सूर एकदा फाटला. त्यांनी तो पुन्हा धरला. वडील दोन पावलं पुढं झाले आणि थांबले. मी करवलीचं ताट घेऊन उभी होते आणि हे गाणं आत्ताच्या आत्ता संपू दे, एवढंच मनात चाललं होतं. मला भीती वाटत होती आणि स्वतःची लाजही. गाणं संपलं ते अल्बमवर संपतं तसंच, दणक्यात. पोरांनी टोप्या उडवल्या.

चाचांनी माउथपीस काढला, रुमालानं पुसला, खिशात घातला. ट्रंपेट वडिलांच्या हातात दिलं. "पुरं झालं, मास्तर," ते म्हणाले. "झांजा दुसऱ्या कुणाला तरी दे." जेवायला ते बँडवाल्यांच्या पंगतीत बसले नाहीत, पाहुण्यांत बसले. त्यानंतर त्यांनी वाजवलं नाही.

वडिलांनी या सगळ्यावर मला एकच वाक्य ऐकवलं, तेही मी सांगलीला परत जायला निघाले तेव्हा, स्टँडवर. "तुझं बरोबर हुतं." ते मला आजवर कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागलेलं आहे.

वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मी आता साताऱ्यात राहते, गावी जाणं कमी. गेल्या महिन्यात गेले तेव्हा चाचांच्या दुकानात डोकावले. ट्रंका आता जावई बनवतो, चाचा नुसते खुर्चीत बसतात. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या बाईची गाणी हायत का गं तुझ्या मोबाइलात?"

होती. तोच अल्बम, तेच कव्हर, आता मोबाइलवर. मी तेच गाणं लावलं. चाचा गुडघ्यावर बोटांनी ताल धरून ऐकत होते. शेवटचं कडवं जवळ आलं आणि माझा अंगठा आवाजाच्या बटणावर गेला. ठरवून नाही. गाणं बारीक होत गेलं.

चाचांची बोटं थांबली. "अल्बमवर असंच हाय व्हय?"

"व्हय, चाचा," मी म्हणाले. "असंच हाय."

"मास्तरचीच लेक तू," ते म्हणाले, आणि मोबाइल माझ्या हातातून घेऊन त्यांनी आवाज पुन्हा वाढवला.