साध्या रविवारची गर्दी

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या दत्ता सरनोबतांना माणसं मोजायची खोड होती. लग्न असो, व्याख्यान असो की सकाळची बस असो, आत शिरल्या शिरल्या त्यांची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायची आणि आकडा तयार व्हायचा. हॉस्पिटलातल्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, आपण मोजून बघायचं, हे वळण नोकरीनं लावलं असं ते म्हणत. त्यांची बायको मीनल म्हणे, नोकरीला कशाला दोष, हे लग्नातही पंगती मोजत होते.

मूळचे ते कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. म्हणजे फुटबॉलचं वेड लहानपणीच लागलेलं. त्या गावात पेठांचे आपापले संघ, आणि दुपारी तीनच्या उन्हातला साधा साखळी सामना असला तरी शाहू स्टेडियमवर जागा धरायला लवकर जावं लागतं. दत्ता स्वतः तालमीच्या दुसऱ्या फळीच्या संघात लेफ्ट बॅक खेळत. फार बरे खेळत नसत, पण त्यावर बोलत मात्र पहिल्या फळीसारखे.

जर्मनीत आल्यावर त्यांनी मराठी मंडळाची रविवारची शाळा अंगावर घेतली. दर रविवारी दहा ते बारा, एका चर्चच्या भाड्याच्या खोलीत, बाराखडीपासून सगळं. मंडळाच्या गणपतीला साडेतीनशे माणूस लोटायचं. लेझीम, मोदक, फोटो, आणि "आमच्या मुलांना मराठी आलंच पाहिजे" असं सांगणारे पन्नास तरी आईबाप. पुढच्या रविवारी शाळेत पोरं आठ. या अनुभवावरून त्यांनी एक नियम काढला होता आणि तो ते कुणालाही, न विचारता, ऐकवत: उत्सवाची गर्दी धरायची नाही. साध्या रविवारी कोण येतं तेवढं सांगा.

२०२६च्या उन्हाळ्यात वर्ल्ड कप मुख्यतः अमेरिकेत भरला तेव्हा हा नियम महिनाभर घुमत राहिला. मीनलचा धाकटा भाऊ प्रताप न्यू जर्सीला असतो. त्याने स्टेडियममधून व्हिडिओ कॉल लावला.

"दाजी, अमेरिका पार फुटबॉलवेडी झालीये! बघा, ऐंशी हजार लोक. पाय ठेवायला जागा नाही."

"त्यातले निम्मे आपापल्या देशांचे झेंडे घेऊन आलेत," दत्ता म्हणाले. "उरलेल्यांत तू. तुला ऑफसाइड कळतो का?"

"थोडा थोडा."

"तुझ्या गावात फुटबॉल क्लब असेल ना? त्याची मॅच बघितलीस कधी?"

"आमच्या गावात क्लब आहे?" प्रतापने विचारलं, आणि दत्तांना त्या दिवशीचं जेवण फार गोड लागलं.

अमेरिकेला फुटबॉलचं खरं वेड नाही, हे त्यांचं मत असं पक्कं झालं. ते तसंच राहिलं असतं आणि कुणाचं काही बिघडलंही नसतं. पण सप्टेंबरात त्यांच्या मुलीला अमेरिकेतून पत्र आलं.

उर्जा सतरा वर्षांची, गोलकीपर. इथल्या क्लबच्या मुलींच्या संघात ती तिसरीत असल्यापासून खेळायची. ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजच्या प्रशिक्षक बाईंनी तिचे व्हिडिओ बघितले होते. आमच्या संघात खेळ, शिक आणि फी आम्ही बघतो, असं त्यांनी कळवलं. उर्जाला फिजिओथेरपी शिकायची होती आणि गोलही सोडायचा नव्हता. इथे दोन्ही एकदम जमणं कठीण, तिकडे ते एकाच आवारात होतं. पुढच्या ऑगस्टात निघायचं. ती अठराची व्हायला चार महिने कमी होते, म्हणून अर्जावर आईबाप दोघांच्याही सह्या हव्या होत्या. मीनलने त्याच संध्याकाळी सही केली. दत्तांचा रकाना रिकामा ठेवून कागद फ्रिजवर लागला.

"ज्यांना या खेळाची कदर नाही त्यांच्याकडे जाऊन तू चार वर्षं गोल राखणार?" ते म्हणाले. "फुटबॉलचा देश सोडून?"

"बाबा, तुला तिथलं काय माहीत?"

"वर्ल्ड कप बघितला की सगळा."

"आल्झो, म्हणजे तूच म्हणतोस ना, ते धरायचं नाही."

हे बिनतोड होतं. दत्ता तपासणीखात्यातला माणूस. पुरावा मागितला की नाही म्हणणं त्यांना जमत नसे. ते म्हणाले, ठीक, मग साधा रविवारच मोजू. ऑक्टोबरात त्या कॉलेजच्या मुलींचा एक सामना इंटरनेटवर दिसणार होता, तिकडे दुपारचा एक, इकडे संध्याकाळचे सात. बापलेक सोफ्यावर बसले. मीनल आत थालिपीठं लावत होती. तिला निकालात रस होता, मोजणीत नव्हता.

एकच कॅमेरा, एका जागी ठोकलेला. समालोचन करायला एक विद्यार्थी, तो मधूनच शिंकत होता. मैदानाला भिंत नाही, पलीकडे मक्याचं कापलेलं शेत. दत्तांनी दहाव्या मिनिटाला चित्र थांबवलं, चष्मा लावला आणि राखीव खेळाडूंचा बाक वगळून मोजायला घेतलं. दोनदा मोजलं.

"त्रेसष्ट!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "जुलैत ऐंशी हजार आणि ऑक्टोबरात त्रेसष्ट. झालं समाधान?"

उर्जा वाकून स्क्रीनकडे बघत होती. "दास इस्ट फील, बाबा."

"पुष्कळ? हे पुष्कळ?"

"आमच्या मॅचला तीस येतात. केक असेल तर पस्तीस. आणि बघ ना, तिकडे पाऊस पडतोय. कुणी उठलं नाही. सगळ्यांनी घरून खुर्च्या आणल्यात. ती लाल जॅकेटवाली बाई प्रत्येक मुलीला नावाने हाक मारतेय, समोरच्या टीमच्या मुलींना पण."

दत्तांनी ते बघितलं नव्हतं. त्यांनी डोकी मोजली होती.

"आणि त्या पस्तिसांत तू किती वेळा होतास?" उर्जाने विचारलं.

"म्हणजे काय? पोकाल कपच्या फायनलला आलो नव्हतो?"

"हो. दोन फायनल. आणि एकदा रेगेन्सबर्गची टुर्नामेंट, कारण गाडी तुझी होती. तीन."

"रविवारी मराठी शाळा असते गं."

"गेनाऊ, तेच तर," ती म्हणाली आणि तिने पुन्हा व्हिडिओ चालू केला. ती चिडली नव्हती. बापाचाच गुण, आकडा सांगून मोकळी झाली.

थालिपीठ समोर आलं तरी दत्तांचा हात ताटाकडे जाईना. गणपतीत पुढे पुढे करून शाळेकडे न फिरकणाऱ्या आईबापांवर त्यांनी आजवर कितीदा तोंडसुख घेतलं होतं! तेच बोल आता कुणीतरी त्यांचं नाव घालून म्हणतंय असा त्यांना भास झाला. त्यांना सरळसरळ लाज वाटली. घरात फुटबॉल आहे हे त्यांना कळायचं ते संघाचे कपडे धुण्याची पाळी घरावर आली की मीनलने धुऊन बाल्कनीत टाकलेल्या पंधरा जर्सींवरून. त्यांतली कुठली उर्जाची, हे त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी मीनलने शाळा घेतली आणि दत्ता मैदानावर गेले. हातात नानकटाईचा डबा, कारण केकची पाळी त्यांच्या घरची होती. ओळख कुणाशीच नसल्यामुळे जिथे जास्त माणसं दिसली तिथे ते उभे राहिले. ती पाहुण्या संघाची बाजू होती. उर्जाने डावीकडे झेप घेऊन पहिला चेंडू अडवला तेव्हा ते कोल्हापुरी घशाने ओरडले, आणि आजूबाजूच्या बारा जणांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. पोरगी किती चांगली खेळते! तिचे बचावातल्या मुलींना दिलेले हुकूम, चेंडू येण्याआधीच टाकलेलं ते अर्धं पाऊल. हे तिला कुणी शिकवलं, कधी शिकवलं, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मध्यंतरात ते डबा घेऊन केकच्या टेबलाकडे गेले. तिथे फ्राऊ लांग नावाच्या बाई कॉफी ओतत होत्या. त्या हसून जर्मनमध्ये म्हणाल्या, "पाहुण्यांच्या बाजूचे ना आपण? कॉफीचा दोन्ही बाजूंना एकच भाव आहे."

"नाही, मी इथलाच. गोलकीपर माझी मुलगी."

बाईंचा हात किटलीवरच राहिला. "उर्जाचे वडील?" त्या गोंधळल्या, मग मोकळेपणाने म्हणाल्या, "माफ करा हं. मीनल नेहमी एकटीच येते. आम्हा सगळ्यांना इतकी वर्षं वाटायचं, ती मुलीला एकटीनेच वाढवतेय."

दत्तांनी डबा टेबलावर ठेवला. झाकण काढायलाही त्यांना जरा वेळ लागला.

संघ एका गोलने हरला. परतताना दोघं सायकली हातात धरून चालत होती. उद्या सोमवार, अर्ज पाठवायचा शेवटचा दिवस.

"घरी गेलो की सही करतो," दत्ता म्हणाले.

ती थांबली. "अमेरिकेला फुटबॉल खरंच आवडतो, पटलं?"

"अमेरिकेचं मला ठाऊक नाही. त्रेसष्ट माणसांना आवडतो, तेवढं दिसलं. तुला एक गोल राखायला ती पुरेत."

तिने सायकल स्टँडला लावून बापाला मिठी मारली. तिचे हातमोजे अजून चिखलाने ओले होते.

मग पुन्हा चालू लागल्यावर त्यांनी विचारलं, "तू जायच्या आधी इथले सामने किती उरलेत?"

उर्जाने बोटांवर मोजलं. "अकरा. पण आठ रविवारचे आहेत, बाबा."

दत्तांनी सायकल कठड्याला टेकवली आणि फोन काढून कॅलेंडर उघडलं. "आधी रविवारचे सांग," ते म्हणाले.