वर्षाराणीचं टोकन

घरच्या किराण्याच्या गल्ल्यावर न बसता रेवणसिद्ध कॉम्प्युटरच्या नादी लागला होता. अंबाजोगाईत मोहनरावांच्या ऑफिसात त्यानं एकट्यानं एक लायब्ररी लिहिली, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड. गावोगावच्या रक्ततपासणी केंद्रांतले कॉम्प्युटर तिच्या जोरावर टेलिफोनच्या तारेवरून ऑफिसातल्या मुख्य कॉम्प्युटरशी, सर्व्हरशी बोलत. ते २००१ साल. पुढच्या वर्षी युसूफ वडगावची वर्षाराणी कामाला लागली, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या टेबलाशी आली.

"दादा, आपली लायब्ररी दर खेपेला पासवर्ड पाठवतीय. त्यो केंद्राच्या कॉम्प्युटरात उघडाच पडलाय. काम सोडून गेलेल्या माणसालाबी म्हाईत हाय."

"मग काय करावं म्हणतीस?"

"माणसानं सकाळी एकदा पासवर्ड टाकायचा. सर्व्हर टोकन देईल, दवाखान्यात नंबराची चिठ्ठी देतात तसं. पुढं तेवढंच दाखवायचं. चार तासांनी ते बाद."

"कावून बदलायचं? चालतंय की समदं."

पण मोहनरावांनी ऐकलं होतं. "लई भारी! वर्षा, तूच कर. रेवण, तू फक्त तपासून दे."

ते 'फक्त' रेवणसिद्धला दिवसभर डाचत राहिलं.

पाच दिवसांनी तिनं छापील कागद आणून दिले. त्याच्या तीस ओळींचं काम तिनं आठ ओळींत केलं होतं. तो चूक शोधायलाच बसला, आणि चौथ्या पानावर ती सापडली: टोकन बाद झालं की नवं मागायची सोयच नव्हती. त्यानं पेन्सिलीनं खूण केली. किती दिवसांनी त्याला बरं वाटलं! मग त्यानं रबर घेऊन खूण पुसली.

"ठीक हाय समदं," त्यानं कागद परत दिले.

सोमवारी नऊला केंद्रं नव्या टोकनवर सुरू झाली. एकला नेकनूरहून साखराबाईंचा फोन आला. तिथलं केंद्र त्याच सांभाळत. "ओ, रिपोर्टच जाईना! सकाळी तर चालू हुतं." पाठोपाठ केजचा. मोहनराव सगळ्यांदेखत वर्षाराणीवर कडाडले. ती खाली मान घालून उभी होती.

रेवणसिद्धनं वीस मिनिटांत दुरुस्ती केली. टोकन बाद झालं की पासवर्ड पुन्हा विचारायचा, नवं टोकन घ्यायचं, अडकलेला रिपोर्ट परत पाठवायचा. मोहनरावांनी त्याची पाठ थोपटली. त्याला ती थाप नकोशी झाली.

संध्याकाळी वर्षाराणीनं चौथं पान त्याच्यासमोर ठेवलं. पुसलेल्या खुणेचा वळ उजेडात दिसत होता.

"दादा, तुमाला दिसलं हुतं."

"हो."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुझं लई चांगलं झालतं, म्हणून."

ती पान उचलून बसस्टँडकडं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच मोहनरावांना सगळं सांगितलं. लायब्ररी वर्षाराणीकडं गेली. रेवणसिद्धचं काम आता ती तपासू लागली. चूक दिसली की सरळ सांगायची, सहसा तिचंच बरोबर निघायचं, आणि त्याला हेवा वाटायचा. तो हेवा गेला नाही. पण तिचं कुठं चुकलेलं दिसलं, की तो खुर्चीवरून उठून तिच्या टेबलाशी जायचा आणि बोट ठेवून दाखवायचा.