येते म्हण

सुट्टीत शाळा बांधायला परदेशातून तंजावूरला आलेल्या शाळकरी मुलांमधली ती एक. आमच्या गल्लीत केबल टीव्ही नुकता आला होता, तरी सगळे राजवाड्यामागं जाऊन त्यांचंच काम बघत बसायचे.

ती एका वेळी एकच वीट उचलायची, तान्हं मूल धरावं तशी. बघूनच माझा जीव वैतागायचा. दुपारी आमच्या ओट्यावर पाणी प्यायला यायची आणि आमच्यासारखं भांडं तोंडाला न लावता वरून प्यायला बघायची. निम्मं पाणी अंगावर, पण हट्ट सोडायची नाही. माझी लेक खो-खो हसायची. लेकीला आमचं घरातलं मराठी सगळं कळायचं, पण उत्तर कायम तमिळमधून.

निघताना ‘येते’ म्हणायचं, म्हणजे परत येईन, हे मी त्या मुलीला शिकवलं होतं. रोज म्हणायची.

शेवटच्या दिवशी मात्र हात जोडून म्हणाली, “जाते.”

मी म्हटलं, असं कोणी म्हणतं का?

ती इंग्रजीत म्हणाली, “परत येणं होईल की नाही, ठाऊक नाही. खोटं कसं बोलू?”

तेवढ्यात लेक ओरडली, चक्क मराठीत, “जाते म्हणू नको गं! येते म्हण!”