बेसच्या बॉक्समधलं लिंबू

"एक लावला की पत्रा हालतोय, मॅडम. दोन्ही लावले की आवाज कुठं पळतोय कळंना," सुनंदा म्हणाली. तिच्या टेम्पोत छातीएवढे उंच दोन काळे बॉक्स होते. शेजारी तिचा नवरा परशराम हाताची घडी घालून उभा.

"चालता लूम इकून ह्ये आणलंय," तो म्हणाला.

बाळांनो, पॉलिटेक्निकमधून रिटायर झाल्यावर मी बेळगावच्या घरातल्या पुढच्या खोलीत साउंडचं सामान तपासून देते, हे तुम्हाला ठाऊक आहे. सुनंदा वडगावची. घरातल्या दोन पॉवरलूमपैकी एक विकून तिनं साउंड सर्व्हिस काढली होती. दुसऱ्याच दिवशी उचगावला शाळेच्या गॅदरिंगची पहिली ऑर्डर. ती फसली तर पुन्हा कोण बोलावणार?

बॉक्स सेकंडहँड, निपाणीहून घेतलेले. बेसचे, म्हणजे ढोलासारखा खालचा, घुमणारा आवाज काढणारे.

"घेताना दोन्ही एकदम वाजवून बघितलेस?"

"न्हाय. आप्पांनी एकेक लावून दाखवला. गोदाम थरथरत होतं. म्हटलं, एकाचं एवढं, तर दोघांचं किती."

मी विकणाऱ्या आप्पांना फोन लावला.

"खरं सांगतो मॅडम. माझ्याआधी दोघांनी ही जोडी घेऊन परत विकलीय. एकेकटे वाघ हायत. शेजारी ठेवले की नाट लागतोय."

"मग तिला का नाही सांगितलं?"

"तिनं दोन्ही लावा म्हटलंच न्हाय की."

माझी शंका तिथंच बळावली. स्पीकरच्या तोंडाशी कागदाचा मोठा गोल असतो, त्याला कोन म्हणतात. तो पुढे-मागे हलून हवा ढकलतो. दोन्ही कोन एकदम पुढे आले की आवाज वाढतो. एक पुढे येताना दुसरा मागे गेला, तर एकानं ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. बेस तिथल्या तिथे मरतो.

मीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी काढली. "सुनंदा, कोनवर हलकं बोट ठेव." तिच्या तारा पहिल्या बॉक्सला क्षणभर टेकवल्या.

"बाहेर आला."

मग दुसरा बॉक्स.

"ह्यो आत गेला, मॅडम."

परशरामनं हाताची घडी सोडली. "परत लावा बघू." परत आतच गेला.

त्या बॉक्सचे स्क्रू काढून स्पीकर बाहेर घेतला, तर आतून एक वाळलेलं लिंबू घरंगळत आलं. मागोमाग दुसरं, काळ्या दोऱ्यात ओवलेलं. आधीच्या दोन मालकांनी आपापले उपाय करून पाहिले होते.

"करणी हाय ही," परशराम मागे सरकला.

"करणी असती तर एकटा तरी कशाला वाजला असता?"

तारांचे रंग बरोबर होते. म्हणजे पूर्वी कधीतरी फाटलेला कोन बदलताना कुणीतरी आतली कॉइल उलटी जोडली होती; ह्या उलट-सुलट जोडणीला पोलॅरिटी म्हणतात. मी दोन तारांची अदलाबदल केली आणि नेलपॉलिशचा ठिपका लावून खूण केली. दोन्ही बॉक्स शेजारी ठेवून गाणं लावलं. स्वयंपाकघरातल्या ताटल्या वाजायला लागल्या.

"कमी कर गं," परशराम म्हणाला, "मॅडमची मांडणी खाली येईल." पण तो हसत होता.

गॅदरिंगला मी मुद्दाम गेले. हेडमास्तरांनी आवाज कमी करा म्हणून दोनदा निरोप धाडला. दोन्ही बॉक्सच्या हँडलला ताजी लिंबू-मिरची बांधलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"पोलॅरिटी कळली, मॅडम. पण आम्हाला दृष्ट लागायची आत्ताच तर सुरुवात हाय," सुनंदा म्हणाली.

बाहेर बांध, आत खडखडतं, एवढंच मी सांगितलं.

परवा आप्पांचा तिला फोन आला, गोदामात आणखी एक जोडी स्वस्तात आहे म्हणून. जोडी घ्यायची तर जोडीनंच वाजवून घ्यायची, हे तिला आता सांगावं लागत नाही. पर्समध्ये ती आता स्वतःची बॅटरी ठेवते, तरी निपाणीला निघताना माझी मागायला आली.

"तुझी कुठे गेली?"

"ती ह्यांनी पर्समधून काढून खिशात घातलीय," ती म्हणाली. "म्हणतात, मी तपासणार."